पट्टी

अजमानच्या गोदामात, गळक्या एसीखाली बादली सरकवून
मी मानासेच्या हाताला पट्टी बांधतो.
टोंगाचा गडी. कान चुरगळलेले, करंगळी दोनदा मोडून
दोन्ही वेळा चुकीची बसलेली.
आधी रग्बी. तेरा जणांतला एक.
"जीव खाऊन पुढे पळायचं," तो सांगतो,
"पण चेंडू द्यायचा मागेच."

पहिल्या लढतीत हीच सवय नडली.
तिसऱ्या फेरीत कोपऱ्यात सापडला
आणि मान वळवून मागे बघितलं त्यानं,
कुणीतरी धावत आलंच असेल म्हणून.
मागे दोरी होती.
दोरीपलीकडे मी, स्पंज घेऊन.
तेवढ्यात भुवई फुटली.

प्रमोटर म्हणतो, वजन आहे, हात जड आहे,
तेवढं मागे बघणं सोडव त्याचं.

बघू.
अंगठ्याभोवती तीन वेढे, मनगटाला पाच,
मग मूठ वळायला सांगतो.
घट्ट झाली का विचारलं की "नाही" म्हणतो, नेहमीच.

शुक्रवारी एक्स्चेंजच्या रांगेत तो माझ्यापुढे असतो.
पाठ एवढी रुंद, की खिडकीच दिसत नाही.
तो नुकुआलोफाला पाठवतो, मी विट्याला.
मध्येच मान वळवून बघतो.
बघू दे. इथे चालतं.