घाम थांबला की

तळजईच्या पठारावर, एप्रिल, सकाळचे साडेनऊ.
आठला आटपायचं ठरलं होतं,
पण भालसिंगला अजून एकच डाव हवा असतो, नेहमीच.

नऊ हजार कड्या आहेत अंगावर,
भोसरीच्या वर्कशॉपमध्ये दिवाळीपासून एकेक वळवलेल्या.
तेव्हा थंडी होती, तार गार लागायची बोटांना.
आता मानेला चुकून टेकली तर चर्र.

आत भिजवलेली सुती बंडी,
शिरस्त्राणाखाली ओला पंचा,
खिशात कांदा, आईचा हट्ट;
तो कुणाचा वार अडवतो तिलाच ठाऊक.
वस्ताद सावलीत, मिठाच्या पाण्याची कळशी घेऊन.
त्यांचा एकच नियम : घाम वाहतोय तोवर लढा.
थांबला, की तलवार खाली.

तिसऱ्या फेरीला भालसिंगचा वार हलका आला.
मी ढालीवर झेलला आणि खूश झालो,
खोटं कशाला बोलू.
मग झडपेच्या फटीतून त्याचं कपाळ दिसलं :
कोरडं. खापरासारखं कोरडं.

पट्टे घामाने फुगलेले, सुटेनात.
बक्कल पोळत होतं. शेवटी चाकू घेतला
आणि त्याने महिनाभर बसून शिवलेलं चामडं
सरळ कापलं.
कळशी उपडी केली त्याच्यावर.

बऱ्याच वेळाने डोळे उघडून म्हणाला,
‘‘पट्टा तू शिवायचास.’’

त्याच्या खांद्यावर कड्यांची नक्षी उठली होती, लाल, बारीक.
शेजारी चिलखत पडलेलं, रिकामं,
अजून तापतच होतं.