बाकी काढण्याची रीत

इझबेल मॅक्रे माळ्यावरून घेऊन आली
रबरी बटणांचं एक काळं यंत्र, पुठ्ठ्याच्या खोक्यात.
आमच्या डंडीतच जुळलेलं.
"एकोणिसाव्या वर्षी असल्या हजारोंना डाख दिला मी," म्हणाली,
"सुरू झालेलं एकही पाहिलं नाही.
पगारात बसत नव्हतं."

डिसेंबर. साडेतीनलाच दिवस गेलेला,
टे नदीवरचा वारा खिडकीत फट शोधत होता.
जुना टीव्ही जोडला. राखाडी पडदा, तळाशी एक ओळ.
मी एकतीस वर्षं रक्ताच्या नळ्या मोजून आता घरी.
बेसिक शिकले ते त्याच्याही आधी, सांगलीत,
सहा जणींत एक यंत्र, माझी पाळी गुरुवारी.

एक बटण दाबलं की अख्खा शब्द उमटतो,
पी म्हणजे प्रिंट, जी म्हणजे गो टू.
इझबेल हरखली, "इतकं कमी बोलून भागतं?"

भागतं.
पण भागाकाराचं वेगळं. ह्या भाषेला बाकी ठाऊक नाही.
आधी भागायचं, दशांशचिन्हापुढचं छाटायचं,
पुन्हा गुणायचं, मग वजा,
हाती राहील ती बाकी.
मिरजेला दादांच्या किराणा दुकानात
बाकी म्हणजे माणसं असायची,
वळणावरची गोदू तांबोळी, साडेचार रुपये,
पेटीवाला इस्माईल, अकरा, दोन वर्षांपासून.
निःशेष कुणीच जात नसे त्या वहीतून.

मूळ संख्या भराभर आल्या.
पडदा भरला की यंत्र थांबून विचारतं, स्क्रोल?
इझबेल मोठ्यानं म्हणते, "आय!"
इकडे त्याचा अर्थ हो.
बटण मात्र मलाच दाबावं लागतं.

मग परिपूर्ण संख्या काढायला घेतल्या,
ज्यांचे भाजक मिळवले की त्याच परत मिळतात.
सहा, लगेच. अठ्ठावीस, पाठोपाठ.
चारशे शहाण्णव आला तोवर चहा पिऊन कप विसळून झाले होते.
पुढचा आठ हजारांच्या पलीकडे, मला माहीत होता,
तिला सांगितला नाही.
"दोन दिवस लागतील," एवढंच.
ती रात्री अंगावर गाऊन टाकून यायची,
यंत्राच्या पाठीवर तळवा ठेवायची,
"ताप आहे, पण फार नाही."

दुसऱ्या रात्री वादळ. अकराला वीज गेली.
ह्या यंत्राला आठवण नसते,
गेलं की गेलं, कितवर पोचलं होतं तेही.
काळोखात आम्ही सोफ्यावर, एका रगात चार पाय.
वेळ जावा म्हणून तिने आकडे विचारले.
मी वीसपासून म्हणत गेले. एकोणतीसला तिने अडवलं.
"म्हणजे?"
तीस, पण एक उणा.
"पण तो एकोणतीस आहे की! त्यात उणं काय?"

पन्नास वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं.
एकोणीस, एकोणतीस, एकोणसाठ, एकोणऐंशी, एकोणनव्वद,
ह्यांना कुणीही भागू शकत नाही
आणि नावातच त्यांना कमी लेखलेलं.
एकोणचाळीसला तेरा भागतो, एकोणपन्नासला सात,
हेही सांगितलं. उगाच पक्षपात नको.
"मी तेव्हा एक उणे वीस होते तर," ती म्हणाली,
आणि बराच वेळ काही बोलली नाही.

पहाटे फ्रिज गुरगुरला, टीव्ही उजळला.
पडदा कोरा.
इझबेलला म्हटलं, ये, ह्या खेपेला तू बस.
तिने चष्मा पुसला. एका बोटानं
दहा लिहिलं, ओळ पुरी केली.
मग वीस.
मध्ये नऊ जागा का सोडायच्या, विचारलं नाही तिने.