उसनं नाक

शनिवारी सहाला युसेबियो येतो.
खिशात दोन सिगार, वर्तमानपत्रात गुंडाळलेले,
घरच्या जेवणाच्या टेबलावर स्वतः वळलेले.
मी बाटली काढतो. ग्लास दोन.
बर्फ नाही. एकदा बर्फाचं विचारलं
तर असा बघितला माझ्याकडे
जसं काही मी त्याच्या आईबद्दल बोललो.

एकोणचाळीस वर्षं मी पिंपं ढकलली
बार्ड्सटाउनच्या अलीकडच्या गोदामात.
सात मजले. बाहेरून भिंती काळ्या,
दारूच्या वाफेवर पोसलेली बुरशी,
शेजारची झाडंही काळी.
आत पाऊल टाकलं की श्वासातच कळायचं
कुठलं पिंप गळतंय,
कुठलं अजून पोर आहे, कुठलं वयात आलंय.
उन्हाळा दारूला लाकडात ढकलतो,
हिवाळा पिळून बाहेर काढतो,
आणि दर वर्षी थोडी उडून जाते.
देवदूतांचा वाटा म्हणतो आम्ही त्याला.
इतक्या गुमान वाटा
माझ्या भावांनीही कधी सोडला नाही.

मग एका मार्चमध्ये जिन्यावरून पाय सटकला.
बाकी सगळं सांधलं,
नाक तेवढं गेलं.
म्हणजे आहे. चष्मा बसतो त्यावर.
पण वासाचे धागे तुटले, डॉक्टर म्हणाला,
आणि ते गाठ मारून जोडता येत नाहीत.
घरी येऊन बर्बन ओतली.
जिभेवर चटका, घशात जाळ, पुढे काही नाही.
घरभर दिवे लागलेले
आणि माणसं कधीच उठून गेलेली.

हे लोरीननं त्याला सांगितलं. मी नाही.

युसेबियो एस्तेलीच्या काळ्या मातीतला,
आमच्याकडे तंबाखू तोडायला आला, राहिला.
त्याचं इंग्रजी फाटकं,
माझं स्पॅनिश तर चिंधीसुद्धा नाही.
तो काडी ओढतो, गंधक जळून जाईस्तोवर थांबतो,
सिगारचं टोक आधी नुसतं शेकतो,
घाई नाही, थंडीत हात शेकावेत तसं.
एक झुरका. एक घोट. डोळे मिटलेले.
मग मला सांगतो:

मक्याची भाकरी, डॉन व्हर्लिन, कडेला करपलेली.

आता खेचराचं खोगीर. पावसात भिजलेलं,
कुणीतरी उन्हात टाकलेलं.

थांब. आता शाळेचा बाक, मी ज्यावर नाव कोरलं.
मार खाल्ला होता त्यासाठी.

धूर एकटा होता तेव्हा कडू होता.
तुझी दारू आली, त्याला बसायला खुर्ची दिली.

कधीकधी शब्द सापडत नाही त्याला,
तेव्हा नुसता हात हलवतो,
आणि मी म्हणतो, हां, हां,
जणू मला कळलं.
माझ्याही हातात सिगार पेटलेला असतो.
त्याचं ऊन बोटांना लागतं. राखेचं वजन कळतं.
उसन्या नाकानं एवढंच चालतं,
पण चालतं.

मागच्या शनिवारी वेगळी बाटली होती.
सहाव्या मजल्यावरचं पिंप, खिडकीकडचं,
त्याच्यावर खडूनं खूण मीच केली होती,
पडायच्या आधल्या वर्षी.
पोरांनी आठवणीनं माझ्यासाठी भरून ठेवली.
त्याला काही बोललो नाही.
परीक्षाच म्हणा. कोणाची ते ठाऊक नाही.

एक झुरका. एक घोट.
राख बोटभर वाढली, पडली नाही.
रस्त्यावरून रॅटलिफचा ट्रॅक्टर गेला.
काय? मी म्हटलं.
तो मान हलवत राहिला.
काय रे?

तुझं जाकीट, तो म्हणाला.
दारामागे टांगलेलं. मी येताना रोज
त्याच्याशेजारून आत येतो.

तो गेल्यावर मी दार लोटलं,
जाकिटात तोंड खुपसलं, लहान मुलासारखं.
कापड होतं. गार.
बटणं लागली गालाला.

लोरीन मागे उभी, हातात टोपली.
एवीतेवी यंत्र लावतेय, टाकू का हेही?

राहू दे, म्हटलं.