पांढरा साका

महिन्याच्या चौथ्या मंगळवारी
पांझरेच्या पुलाखाली उतरते मी.
खोक्यात अकरा बाटल्या, बर्फ, दोरी
आणि एक फॉर्म,
ज्यात अख्ख्या नदीला सतरा रकाने.

बाटली तीनदा विसळायची त्याच पाण्यात,
मग तिरकी धरून भरायची.
बुडबुडा एकही आत जाता कामा नये:
बाहेरच्या हवेची साक्ष इथे चालत नाही.
दोन पिपेट, दोन औषधं, झाकण,
उलटसुलट पंधरा वेळा.
आणि थांबायचं.

साका गुळासारखा तांबूस बसला
तर पाण्यात श्वास आहे.
पांढरा बसला
तर नाही.

सुपडू भोई हे सगळं शिकला
मला एक अक्षर न विचारता.
उकिडवा बसतो, विडी विझवून कानामागे खोचतो.
त्याचं जाळं तीन वर्षं झाली
घरी कोंबडीच्या पिल्लांवर पडलंय.
"गूळ," तो म्हणतो, माझ्याआधी.
दर महिन्याला गूळ.
पाच पॉइंट आठ. सहा पॉइंट एक.
मी लिहिते, सही करते,
नदी पास होते.

कानबाई पाण्यात गेली त्या आठवड्यात
तो खोकं उचलून देता देता बोलला,
"दिवसले पानी नटस, ताय.
पाह्यटे ये."

गेले.
ना पत्र, ना गाडी, नवऱ्याची मोटरसायकल,
पावणेचार.
बॅटरीच्या उजेडात तोंडं. शेकडो.
पाण्याच्या कातडीला खालून चिकटलेली,
उघडमीट, उघडमीट,
जशी आंधळ्या वासरांनी कास शोधावी.
उन्हात जी हिरवी साय श्वास देते
तीच रात्री काढून घेते सगळ्यांचा,
आणि वर नाल्याचं येणं.
हे मला होतं, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला,
आठ मार्कांना.

बारावी बाटली भरली.
दोन औषधं. झाकण.
पुलावरून दुधाचे कॅन खडखडत गेले.
साका बसला
आणि सुपडूची "गूळ" म्हणायची जागा
तशीच राहिली, रिकामी.

सैंदाणे साहेब चांगला माणूस.
"वेळ छापलेली आहे ना, दहा ते बारा,"
म्हणाले, चहा माझ्याकडे सरकवत.
"आणि एकटी कशाला गेलीस?"

शेरा हा रकाना दोन बोटं रुंद असतो.
त्यात मी लिहिलं:
मासे पहाटे वर येतात.
पाहणारा, सुपडू झिपरू भोई.
टायपिंगमध्ये ती ओळ
बसली नाही म्हणे.

बाटली माझ्या फळीवर आहे, बिननंबरची.
तळाशी पांढरं, हललं की ढगाळतं.
येणारा जाणारा हातात घेतो,
अंगठा झाकणाकडे जातो त्याचा.
नको, म्हणते मी.
उघडली तर हवा लागेल,
आणि बघता बघता
तीही गुळाच्या रंगाची होईल.