खोली नंबर चार, सावदा

तेरा अंशांवर केळी झोपतात,
असं मुकादम म्हणतो.
चिलटांचं काय, ते त्याच्या वहीत नाही.

ती क्रेटच्या फटींतून आत येतात,
दाराच्या रबरापाशी बसून राहतात,
पाय पोटाशी घेऊन.
बोट नेलं तरी उडत नाहीत.
मेली समजून झाडायला गेलो
तर सायबू तडवी म्हणाला,
"राहू दे. निजेल हायेत."

एक तळहातावर घेऊन तो बाहेर गेला,
बल्बाखाली उभा राहिला.
आधी एक पाय हलला.
मग पंख.
मग तळहात रिकामा.

मे महिन्यात हीच चिलटं
भर दुपारी सावलीला पडून असतात,
आपल्यासारखीच,
आणि उन्हं कलल्यावर घडांवर गर्दी करतात.
पौषात दुपार हीच त्यांची पहाट.
जरा फिरतात,
दिवस बुडायच्या आत चिडीचूप.

मी संध्याकाळी सातला कामावर,
सकाळी सातला घरी.
खिडकीला पोतं, शेजारी गिरणी.
माझी झोप कुठल्या अंशावर येते
कुणी मोजलेलं नाही.

रात्री तीन. बागांत कुणीतरी पाचोळा पेटवलाय,
धूर रस्त्यावर आडवा.
बांधाकडे रातकिडा एकच,
तोही इतका सावकाश
की दोन किरकिरींच्या मधे
माझा एक क्रेट उचलून होतो.
भिंतीवरचा काटा फक्त आतलं सांगतो;
बाहेरचं सायबू या किड्यावरून ओळखतो.
"दहाच्या खाली चाललं," म्हणाला.

दोन क्रेट झाले. तीन.
किडा बोललाच नाही.
सायबूनं मफलर कानांवर ओढला.