हातचा

शंभर मीटर खाली प्रोटॉनवर प्रोटॉन आदळतात,
सेकंदाला कोट्यवधी वेळा,
आणि वर सेसी गावच्या कुरणात
गाई रवंथ करतात.
त्यांच्या गळ्यातल्या घंटांना याचा पत्ता नाही.

नेझा कोबलची रात्रपाळी.
कॉफी गार झालेली. ज्यूराच्या कडेकडेने आलेला बीझ वारा
दाराच्या फटीत शीळ घालतोय.
ती शोधतेय
जन्माआधीच बारसं उरकलेले
ग्लुइनो, स्क्वार्क, न्यूट्रालिनो.
समीकरण म्हणतं, प्रत्येक कणाला एक जोडीदार आहे,
वजनदार, लाजरा, अजून न आलेला.
समीकरण देखणं आहे.
देखणेपण हा पुरावा नव्हे,
हे तिला पहिल्याच वर्षी बजावलं गेलं.
बजावणारा स्वतः तीस वर्षं त्याच्यावर भाळलेला.

आणि आला, तरी तो दिसणार नाही.
स्फटिकांतून, पितळेतून, लोखंडातून
कशालाही न शिवता निघून जाईल.
मागे राहील चुकलेला ताळा:
डावीकडे इतकं गेलं, उजवीकडे कमी भरलं,
म्हणजे कुणीतरी काहीतरी घेऊन गेलं.
कागदावर न मांडलेला,
पण धरल्याशिवाय बेरीज न जुळणारा
हातचा एक.

ती राहते मादाम पेरियांच्या माडीवर.
बाईंनी एकतीस वर्षं
चीजच्या सहकारी कारखान्यात दुधाची वही लिहिली.
कांदे चिरता चिरता नेझाने सगळं समजावलं, तेव्हा म्हणाल्या,
अगं, हे तर माझंच काम.
एका हिवाळ्यात दर गुरुवारी
अकरा लिटर दूध कमी भरायचं.
आधी मांजरावर संशय घेतला,
मग ओगुस्तच्या पोरावर,
मग प्रत्यक्ष ओगुस्तवर.
त्याने आमच्याशी बोलणं टाकलं.
मग?
मग काय. गुरुवारी जो काटा वापरायचो
त्याच्या तव्याखाली खडा अडकला होता.
वाटाण्याएवढा.

मार्चमध्ये पेटी उघडली.
वर्षभर स्वतःपासूनच लपवून ठेवलेली,
इच्छेने पारडं झुकू नये म्हणून.
अपेक्षा होती सहाची.
आत निघाले अकरा.
ओस्कारीच्या हातून पेन पडलं, ते कुणी उचललं नाही.
कुणी हसलंही नाही,
जणू हसलं तर ते पाच
भुर्रकन उडून जातील.

तीन आठवडे ती धड झोपली नाही.
आईला फोनवर म्हणाली, काही नाही गं, काम आहे.
मग एका पहाटे
अकराही टकरींमध्ये हरवलेलं कुठल्या दिशेला गेलं,
ते तिने एका नकाशावर टिंबांनी मांडलं.
सहा टिंबं विखुरलेली, शेतात सांडलेल्या दाण्यांसारखी.
पाच एकाच कोपऱ्यात.
त्या कोपऱ्यात एक स्फटिक होता,
कधीचा मेलेला,
यादीत मात्र जिवंत.
त्याच्यावर पडलेलं कुणी मोजतच नव्हतं.

अकरातून पाच गेले.
सहा.
तिने पुन्हा वजा केले. सहाच.

निबंधात एक वाक्य आलं:
अमुक वजनापर्यंत असं काही आढळलं नाही.
खाली दोन हजारांवर नावं,
एका 'नाही'ला इतके साक्षीदार.
आलेखावर एक रेघ थोडी उजवीकडे सरकली.
रेघेच्या अलीकडे कुणी राहत नाही.
पलीकडचं
यंत्राला अजून विचारलेलं नाही.

संध्याकाळी तिने बाईंना सांगितलं.
बाईंनी सूप वाढता वाढता एवढंच विचारलं,
कुणाची माफी मागावी लागली का?
नाही. स्फटिकाची कशी मागणार?
मी मागितली होती, बाई म्हणाल्या.
ओगुस्तकडे लोण्याचा गोळा घेऊन गेले.
त्याने दार उघडलं नाही.
पायरीवर ठेवून आले.
सकाळी नव्हता.

मांजराने खाल्ला असेल, नेझा म्हणाली.

असेल, बाई म्हणाल्या.
किंवा ओगुस्तने.