लहिया

बडोद्यात लेखनिकाला लहिया म्हणतात.
मी नववीत. अक्षर गोल, वेगही बरा,
आणि लहिया एक इयत्ता खालचाच हवा असा नियम,
म्हणजे त्याला उत्तरं येत नसणार
असं कुणीतरी कुठल्यातरी टेबलाशी ठरवलेलं.

परवानगीसाठी निमेषची आई कोठीला चार वेळा गेली.
पहिल्यांदा दाखल्याची झेरॉक्स चालत नव्हती,
दुसऱ्यांदा साहेब निवडणुकीच्या कामावर,
तिसऱ्यांदा कारकुनाने निमेषच्या तोंडासमोर
पंजा हलवून पाहिला, खरंच दिसत नाही ना.
"काका, वारा छान येतोय," निमेष म्हणाला,
"पण सही तेवढी करा."
चौथ्यांदा झाली.
ते पत्र त्याने पाठ केलं, जावक क्रमांकासकट.
मला वाटलं, उगीच.

आम्ही बोलणार, इतरांना त्रास होणार,
म्हणून आम्हाला प्रयोगशाळेत बसवलं.
बेसिनमध्ये कबुतराची पिसं,
कपाटावर आडवा पडलेला ग्लोब.
मी वाचायचे, तो ऐकायचा, मान किंचित डावीकडे,
मग बोलायचा, स्वल्पविरामासकट,
खिशातून सुटे मोजून द्यावेत तसा.
आकृत्या त्याला माफ होत्या.
"माफ कशाला? मी काय गुन्हा केलाय?"
मावशीने पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून
हृदयाचे चारही कप्पे त्याच्या बोटांना शिकवले होते.
ते बोटांतच राहिले.

प्रश्न अकरावा. पित्तरस कुठे तयार होतो?
तो म्हणाला, पित्ताशयात.
माझं पेन थांबलं.
यकृत. यकृत. ताई गेल्या वर्षी
पोळ्या लाटताना घोकायची,
आमच्या मांजरालासुद्धा पाठ होतं.
सुपरवायझर खिडकीशी पाठमोरे, फोनवर.
एक शब्द. कुणाला कळणार होतं?
निमेषला कळलं. पेन थांबल्याचाही आवाज असतो
हे मला तोवर माहीत नव्हतं.
"चुकलं वाटतं," तो हळू म्हणाला.
"सांगू नकोस. मी बोललो ते लिही."
आणि मग, जरा रागानेच,
"माझ्या चुका कायम दुसऱ्यांनीच खोडल्यात गं.
ही राहू दे."
मी लिहिलं, पित्ताशयात. गोल अक्षरात.
एवढं अवघड शुद्धलेखन मी पुन्हा कधी केलं नाही.

दीडला घंटा झाली.
जिन्यावरून चपला धडधडत उतरल्या,
फाटकाबाहेर आया, लिंबूसरबत, कसा गेला रे पेपर.
सुपरवायझरनी पुरवण्या बांधायचा दोरा पुढे केला,
"चालो भाई, पूरुं थयुं."
"तासाला वीस मिनिटं," निमेष म्हणाला, "तीन तासांची साठ."
"सगळ्यांची परीक्षा संपली, बेटा."
तेव्हा त्याने ते पत्र म्हटलं.
उभं राहून, खणखणीत सरकारी गुजरातीत,
जावक क्रमांक, तारीख, विषय, संदर्भ,
सही आणि सहीखालचा हुद्दा,
वाण्याने उधारीची वही वाचून दाखवावी तसं,
आवाज न चढवता.
सुपरवायझर बसले. डबा उघडला.
प्रयोगशाळेत थेपल्यांचा वास पसरला.

शेवटचं उत्तर झालं तेव्हा सात मिनिटं उरली होती.
मी टोपण लावलं. देऊन टाकू या?
शिपाई दारात किल्ल्या वाजवत होता,
खाली बाकं ओढली जात होती,
मला भूक लागली होती, खरं सांगायचं तर.
निमेषने दोन्ही हात बाकावर पसरले.
"सात आहेत ना अजून?"
"हो."
"मग बस."

पापणी लवायला लागतो तेवढा वेळ म्हणजे निमेष,
संस्कृतच्या बाईंनी सांगितलं होतं,
आणि सगळा वर्ग हसला होता, तोही.
आम्ही बसून राहिलो, काहीच न करता.
कबुतर आत आलं, ग्लोबवर उतरलं,
ग्लोब गडगडत अर्धा फिरला
आणि हिंदी महासागर वर आला.
"काय हललं?"
"पृथ्वी. कबुतर ढकलतंय."
तो हसला. मग म्हणाला,
"किती?"
"चार."